जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या कॉम्प्युटरवर न चालणारा एखादा जुना प्रोग्राम, बंद पडलेल्या कंपनीचे सॉफ्टवेअर, कुठल्याशा यंत्राबरोबर सीडीवर आलेली युटिलिटी किंवा लहानपणीचा गेम, यांपैकी काहीतरी पुन्हा चालू करायचे असते तेव्हा माणूस इथवर येतो. बहुतेकांचे प्रश्न विंडोज एक्सपी आणि विंडोज ९८ बद्दलच असतात, म्हणून भर त्या दोघांवर आहे. सेटिंगची नावे व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली दिली आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावे थोडी बदलतात, मुद्दा तोच राहतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमके काय होते?

तुमच्या चालू सिस्टिमच्या (होस्टच्या) एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर उभा राहतो. त्याच्यात बसवलेली सिस्टिम म्हणजे गेस्ट. गेस्टला वाटते की आपल्याला स्वतःची हार्ड डिस्क, रॅम, सीडी ड्राइव्ह मिळालेली आहे. प्रत्यक्षात ती हार्ड डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाइल असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातून निघतात. व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला जो मदरबोर्ड दाखवतो तो १९९६ च्या इंटेल ४४०एफएक्स चिपसेटच्या धर्तीचा असतो. पण प्रोसेसर मात्र खोटा नसतो, तुमचा आजचाच प्रोसेसर गेस्टपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. जुन्या सिस्टिमला बोर्ड ओळखीचा वाटतो, प्रोसेसर वाटत नाही. एक्सपी हे निभावून नेते. ९८ अडखळते.

८६बॉक्ससारखे एम्युलेटर प्रोसेसरचीही नक्कल करतात. तिथे तुम्ही थेट पेंटियम निवडू शकता. किंमत मोजावी लागते ती वेगाची.

मला खरंच व्हर्च्युअल मशीन लागणार आहे का?

कदाचित नाही. आधी हे तपासा.

डॉसचा (कमांड टाइप करून चालणाऱ्या जुन्या सिस्टिमचा) प्रोग्राम किंवा गेम असेल तर डॉसबॉक्स हे डॉसची नक्कल करणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फोल्डर जोडायचा, प्रोग्राम चालवायचा, संपले. त्यासाठी अख्खी विंडोज बसवणे म्हणजे उगाच व्याप.

विंडोजचा प्रोग्राम असेल तर त्याच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी मोड लावून पाहा. एक्सपीच्या काळातले पुष्कळ ३२-बिट प्रोग्राम विंडोज ११ वरही मुकाट्याने चालतात.

गाडी अडते ती १६-बिट प्रोग्रामपाशी. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. यात एक गंमत आहे: १९९० च्या दशकातले कित्येक प्रोग्राम स्वतः ३२-बिट असतात, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असतो. म्हणजे सेटअप चालत नाही, प्रोग्राम मात्र चालला असता. अशा वेळी एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तो एकदा बसवून तयार फोल्डर होस्टवर उचलून आणला तरी काही वेळा काम होते. विनईव्हीडीएम नावाचे एक मोफत साधनही आहे, ते ६४-बिट विंडोजवर १६-बिट विंडोज प्रोग्राम चालवते. साधे प्रोग्राम त्यावर बरे चालतात.

लिनक्सवाल्यांनी आधी वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) वापरून पाहावे.

कोणते सॉफ्टवेअर घेऊ?

एक्सपीसाठी व्हर्च्युअलबॉक्स. मोफत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालते, आणि अडलात तर त्यावर मदत सापडते. त्याचा मूळ भाग मुक्त परवान्याखाली आहे. 'एक्स्टेन्शन पॅक' नावाचा वेगळा तुकडा फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे, त्यामुळे ऑफिसात तो डोळे झाकून बसवू नका. जुन्या सिस्टिमसाठी त्याची सहसा गरजही पडत नाही.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी, व्यावसायिक वापरासाठीसुद्धा, मोफत झाले. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमच्या साइटवर खाते उघडावे लागते, एवढा एक ताप. विंडोज ९८ बसवायची असेल तर मी व्हर्च्युअलबॉक्सआधी याचे नाव घेईन, कारण याच्याकडे ९८ साठीचे ड्रायव्हर आहेत आणि व्हर्च्युअलबॉक्सकडे कधीच नव्हते.

हायपर-व्ही विंडोजच्या प्रो आवृत्तीत आयतेच मिळते, होममध्ये नाही. सर्व्हर चालवायला छान, पण जुन्या सिस्टिमला लागणारा आवाज, यूएसबी वगैरे बाबतीत हात आखडता. या कामासाठी सोडून द्या.

क्यूईएमयू सगळे काही करू शकते, फक्त लांबलचक कमांड लिहायची तयारी हवी.

माझा कॉम्प्युटर पुरेल का?

पुरेल. होस्टवर ८ जीबी रॅम असेल तर एक्सपीला द्यायचे १ जीबी जाणवणारही नाही.

तपासायचे ते एवढेच, की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे ना. विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा; खाली 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'एनेबल्ड' दिसायला हवे. 'डिसेबल्ड' दिसले तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात) जा. इंटेलच्या बोर्डांवर ते 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स' या नावाने असते, एएमडीवर 'एसव्हीएम मोड'.

अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मॅकवर चालेल का?

चालेल, पण व्हर्च्युअल मशीन म्हणून नाही. त्या प्रोसेसरची भाषाच वेगळी, त्यामुळे एक्सपीसाठी प्रोसेसरची संपूर्ण नक्कल करावी लागते. यूटीएम हे मोफत सॉफ्टवेअर ते करते (आत क्यूईएमयूच असते). हिशेबाचा किंवा शब्दकोशाचा प्रोग्राम त्यावर वापरता येतो. गेमची आशा धरू नका.

विंडोजची सीडी आणि परवाना कुठून आणायचा?

घरात किंवा ऑफिसात पडलेली मूळ सीडी आणि तिच्यावरची २५ अक्षरांची प्रॉडक्ट की, हा सरळ मार्ग. सपोर्ट संपला म्हणजे विंडोज फुकट झाली असे होत नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, परवाना अजून मायक्रोसॉफ्टचाच आहे. कॉम्प्युटरबरोबर आलेली, म्हणजे ओईएम, प्रत त्या कॉम्प्युटरपुरतीच असते. नियमाने ती व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवता येत नाही. दुकानातून वेगळी घेतलेली रिटेल प्रत चालते.

एक्सपी बसवल्यावर ३० दिवसांत अ‍ॅक्टिव्हेट करावी लागते. ९८ ला अ‍ॅक्टिव्हेशन नाही, फक्त की लागते.

'रेडीमेड एक्सपी मशीन, डाउनलोड करा आणि चालवा' असल्या फाइली नेटवर भरपूर आहेत. त्यांच्या पोटात कुणी काय भरून ठेवले आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. विषाची परीक्षा घेऊ नका.

सीडी आहे, पण नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही.

यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळवा, सीडीची आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एका फाइलीतली नक्कल) एकदाच करून घ्या आणि मग सीडी कपाटात ठेवा. व्हर्च्युअल मशीनला आयएसओच हवी असते. लिखित सीडी, म्हणजे घरी राइट केलेली, वर्षागणिक वाचेनाशी होत जाते, तेव्हा हे काम विंडोज बसवायची नसली तरी आजच उरका. त्याच बैठकीत प्रोग्रामच्या सीडी आणि फ्लॉपीही उतरवून घ्या.

रॅम, डिस्क, कोर किती द्यायचे?

नवीन माणूस हमखास जास्त देतो. आठ कोर, ८ जीबी रॅम, २५० जीबी डिस्क, आणि मग सिस्टिम का चालत नाही म्हणून डोके धरतो. जुन्या सिस्टिमला तिच्या काळातल्या चांगल्या कॉम्प्युटरएवढेच द्यावे.

एक्सपीला १ कोर, ५१२ एमबी ते १ जीबी रॅम, १० ते २० जीबी डिस्क. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी १२८ एमबी रॅमची शिफारस केली होती, त्या मानाने १ जीबी म्हणजे चंगळ. ३२-बिट एक्सपीला ४ जीबीच्या वर काहीच दिसत नाही.

९८ ला १ कोर (दुसरा ती वापरूच शकत नाही), १२८ किंवा २५६ एमबी रॅम, २ ते ८ जीबी डिस्क. ५१२ एमबीच्या पुढे गेलात की ९८ च्या डिस्क कॅशचा हिशेब चुकायला लागतो आणि भलत्याच चुका दिसतात. १ जीबीच्या पुढे ती बहुधा सुरूच होत नाही.

डिस्क 'डायनॅमिक' ठेवा. म्हणजे २० जीबीची डिस्क होस्टवर आधी थोडीशीच जागा खाते आणि गरजेप्रमाणे वाढते.

एक्सपी बसवायची पद्धत सांगा.

नवीन मशीन करताना प्रकार 'विंडोज एक्सपी (३२-बिट)' असा नेमका निवडा. त्यावरून व्हर्च्युअलबॉक्स बाकीचे हार्डवेअर ठरवते. 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' नावाची, सगळे आपोआप करणारी सोय दिसेल. ती बंद ठेवा. हाताने बसवले तर कुठे अडले ते तरी कळते.

सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये चार जागा पाहून घ्या. स्टोरेजमध्ये हार्ड डिस्क आयडीई या जुन्या प्रकारच्या कंट्रोलरवर (पीआयआयएक्स४) असावी, साटा या नव्या प्रकारावर नाही. नेटवर्कमध्ये अ‍ॅडाप्टर 'पीसीनेट फास्ट ३' असावा, कारण त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीतच असतो. ऑडिओला 'आयसीएच एसी९७'. आणि नेटवर्कची केबल काढून ठेवा, म्हणजे 'केबल कनेक्टेड' वरची खूण काढा. का, ते पुढे येईल.

आता आयएसओ जोडून मशीन चालू करा. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात. एंटर, मग परवान्यासाठी एफ८, मग रिकामी जागा निवडून एनटीएफएसचे 'क्विक' फॉर्मॅट. फाइली कॉपी झाल्या की मशीन स्वतः रीस्टार्ट होते आणि 'सीडीवरून बूट करायला कोणतेही बटण दाबा' असे विचारते. इथे काहीही दाबू नका. दाबले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते, आणि मग लोक म्हणतात सेटअप गोल गोल फिरतो आहे. दुर्लक्ष केले की दुसरा टप्पा सुरू होतो. डाव्या बाजूला '३९ मिनिटे' शिल्लक दिसतील, त्यावर जाऊ नका, आजच्या एसएसडीवर ते फार लवकर आटोपते. मधे की, नाव, टाइम झोन विचारेल.

डेस्कटॉप दिसला की सर्व्हिस पॅक कोणता आहे ते बघा. सर्व्हिस पॅक ३ (२००८ चा) नसेल तर त्याचा इन्स्टॉलर आयएसओतून आत नेऊन बसवा. मग गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने गेस्टसाठी दिलेले ड्रायव्हर. मग मशीन बंद करून पहिला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती, जिच्याकडे परत जाता येते), 'कोरी एक्सपी' अशा नावाने. तुमचा प्रोग्राम त्यानंतर.

माउस खिडकीत अडकला तर उजवीकडचे कंट्रोल बटण दाबा, सुटतो.

निळा पडदा येतो आणि कोडच्या शेवटी ७बी आहे.

एक्सपीला डिस्क दिसत नाही असा त्याचा अर्थ. साटा कंट्रोलरचा ड्रायव्हर तिच्यापाशी नाही. डिस्क साटावरून काढून आयडीईवर लावा, झाले. 'सेटअपच्या वेळी एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्या' असा सल्ला खऱ्या कॉम्प्युटरसाठी योग्य होता. इथे कंट्रोलर तुमच्याच हातात आहे, तो बदलणे सोपे.

मशीन आधी चालत होती आणि सेटिंग बदलल्यावर हा पडदा आला असेल, तर बदललेले परत पहिल्यासारखे करा. 'आय/ओ एपिक' ची खूण हीसुद्धा अशीच. एकदा बसवल्यावर तिला हात लावू नये.

विंडोज ९८ बसवताना 'प्रोटेक्शन एरर' येतो.

इथे घोडे पेंड खाते, आणि दोष ना तुमचा ना सीडीचा.

प्रोसेसर मेमरीचे पत्ते एका छोट्या कॅशमध्ये लक्षात ठेवतो. सिस्टिमने मेमरीची मांडणी बदलली की त्या कॅशमधली जुनी नोंद पुसायला सांगायची असते. ९८ चा गाभा काही ठिकाणी ते सांगायला विसरतो. त्या काळच्या प्रोसेसरवर ही चूक उघडी पडली नाही. अलीकडचे एएमडी रायझन आणि अकराव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर नियमाला कडक आहेत, जुनी नोंद ते खरी धरतात, आणि ९८ कोसळते. कधी बूट होतानाच, कधी सेटअपच्या मध्यावर 'बेकायदेशीर कृती' च्या पाट्या दाखवत.

उपाय म्हणजे पॅचर९एक्स हा मोफत प्रोग्राम. तो विंडोज ९५, ९८ आणि एमईच्या फाइलींमधली ही चूक दुरुस्त करतो. क्रम असा ठेवा:

१. पॅचरची बूट होणारी फ्लॉपी इमेज आणि ९८ ची आयएसओ दोन्ही मशीनला जोडा. ९८ ची प्रत 'सेकंड एडिशन' असेल तर उत्तम.

२. डॉसमध्ये एफडिस्क चालवून पार्टिशन करा. मोठ्या डिस्कबद्दल विचारले की 'हो' म्हणा, म्हणजे फॅट३२ मिळते. रीस्टार्ट करून सी ड्राइव्ह फॉर्मॅट करा. मधला रीस्टार्ट टाळू नका.

३. सीडीवरचा 'विन९८' हा अख्खा फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि सेटअप तिथून चालवा. हे न केल्यास पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी ९८ सीडी मागत बसते.

४. सेटअप पहिल्यांदा रीस्टार्ट होईल तेव्हा विंडोज सुरू होऊ न देता पुन्हा फ्लॉपीवरून बूट करा आणि पॅचर चालवा. तो विंडोजचा फोल्डर शोधून विचारत विचारत पुढे जातो.

५. फ्लॉपी काढा, आणि सेटअप पुढे चालू द्या.

सेटिंगमध्ये माउस पीएस/२ ठेवा, आवाजाला 'साउंड ब्लास्टर १६'.

एवढे सगळे करूनही मशीन नखरे करत राहिली तर मी फार वेळ घालवणार नाही. ८६बॉक्स उतरवून त्यात पेंटियमचा कॉम्प्युटर जोडीन. तिथे प्रोसेसरही त्या काळचा असल्याने पॅचची गरजच उरत नाही. त्याला वेगवान होस्ट मात्र लागतो.

पडदा छोटा आणि रंग मोजकेच का दिसतात?

एक्सपीत: गेस्ट अ‍ॅडिशन्स बसवलेल्या नाहीत. मशीन चालू असताना 'डिव्हाइसेस' मेनूतून त्यांची सीडी आत घाला आणि चालवा. मग खिडकी ओढाल तसा डेस्कटॉप बदलतो, माउस अडकत नाही, कॉपी-पेस्ट चालते. नवीन आवृत्ती एक्सपीवर बसायला कुरकुर करत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्तीची गेस्ट अ‍ॅडिशन्सची आयएसओ वापरून पाहा.

९८ मध्ये: गेस्ट अ‍ॅडिशन्स नाहीतच. १६ रंगांतून बाहेर पडायला व्हीबीईएमपी नावाचा सर्वसाधारण डिस्प्ले ड्रायव्हर बसवा. थ्रीडीही हवे असेल तर सॉफ्टजीपीयू पाहा. व्हीएमवेअरमध्ये त्यांची स्वतःची जुनी टूल्सची आयएसओ ९८ ला चालते.

गेस्टमध्ये इंटरनेट लावू का?

नको.

एक्सपीला २०१४ नंतर नेमाने सुरक्षा अपडेट मिळालेले नाहीत, ९८ ला २००६ पासून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा किडा (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने नियम मोडून एक्सपीसाठी खास पॅच काढला, यावरून प्रकरण किती गंभीर होते ते कळेल. तो किडा कुणी काही क्लिक न करता नेटवर्कमधून शिरत होता. 'मी कुठल्याही वाईट साइटवर जात नाही' हा बचाव तिथे कामाचा नव्हता.

आणि लावून मिळणार काय? एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या सुरक्षित साइटींची भाषाच येत नाही, बहुतेक पाने उघडतच नाहीत. धोका पत्करून हाती काही लागत नाही.

तुमचा प्रोग्राम नेटवर्कशिवाय चालतच नसेल, उदाहरणार्थ दोन मशीन एकमेकींशी बोलायला हव्या असतील, तर 'इंटर्नल नेटवर्क' किंवा 'होस्ट-ओन्ली' निवडा. बाहेरून काही उतरवायचेच असेल तर होस्टवर उतरवा, व्हायरस तपासा आणि आत न्या. अगदी थोड्या वेळासाठी लावलेच तर 'नॅट' वर लावा, 'ब्रिज्ड' वर कधीही नाही. ब्रिज्डमध्ये तुमची एक्सपी नेटवर्कमधल्या सगळ्यांना उघडी दिसते.

मग फाइली आत-बाहेर कशा न्यायच्या?

एक्सपीत गेस्ट अ‍ॅडिशन्समुळे 'शेअर्ड फोल्डर' मिळतो. होस्टवरचा एक फोल्डर नेमून द्या, आत तो ड्राइव्हसारखा दिसतो. अख्खा 'डॉक्युमेंट्स' फोल्डर नेमू नका. रिकामा एक वेगळा करा आणि त्यातूनच देवाणघेवाण करा.

विंडोजचे नेहमीचे नेटवर्क शेअरिंग वापरायचा प्रयत्न बहुतेकदा फसतो. एक्सपीला फक्त एसएमबी१ (या शेअरिंगचे जुने रूप) येते, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या सिस्टिमवर ते येतच नाही. ते मुद्दाम चालू करा असे सल्ले सापडतील. वॉनाक्राय शिरला तो याच दारातून. शेअर्ड फोल्डर असताना त्या वाटेला कशाला जायचे?

९८ मध्ये आत न्यायला: फाइलींची आयएसओ करा आणि सीडी म्हणून घाला. बाहेर काढायला: मशीन बंद करा आणि सेव्हन-झिपने व्हर्च्युअल डिस्कची फाइल होस्टवर उघडा, आतले फोल्डर दिसतात. डिस्क व्हीएचडी प्रकारची केली असेल तर विंडोज १० आणि ११ ती थेट ड्राइव्ह म्हणूनही जोडतात. जोडलेली असताना मशीन मात्र चालू करायची नाही, डिस्क खराब होते.

यूएसबी डोंगल, जुना प्रिंटर, यंत्राची केबल चालेल?

यूएसबी डोंगल (प्रोग्रामच्या परवान्यासाठी लावून ठेवावी लागणारी छोटी चावी) बहुधा चालते. सेटिंगमध्ये यूएसबी २.० कंट्रोलर निवडा (३.० चा ड्रायव्हर एक्सपीला नाही), डोंगल लावा आणि त्याच्यासाठी यूएसबी फिल्टर जोडा, म्हणजे मशीन चालू होताच ते आपोआप आत जाते. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी २ आणि ३ चा आधार मूळ पॅकेजमध्येच आहे, एक्स्टेन्शन पॅक लागत नाही.

सीरियल पोर्ट आत देता येतो, यूएसबी-टू-सीरियल केबलवरचाही. मोजमापाच्या उपकरणांना तेवढे पुरते. ज्यांना अचूक वेळेवर सिग्नल लागतो अशी यंत्रे मात्र व्हर्च्युअल मशीनच्या भरवशावर चालवू नयेत. प्रिंटर पोर्टला लागणारे जुने डोंगल हा डोकेदुखीचा विषय. तिथे जुना कॉम्प्युटरच जपून ठेवलेला बरा.

छपाईसाठी प्रिंटरशी झटापट करू नका. गेस्टमध्ये कोणताही पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटर बसवा आणि त्याचा पोर्ट 'फाइल' असा ठेवा. प्रिंट दिले की एक फाइल तयार होते. ती बाहेर आणून घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करा आणि नव्या प्रिंटरवर छापा. अहवाल जपून ठेवायलाही हीच पद्धत सोयीची.

मशीन भयंकर संथ आहे, आणि खाली हिरवे कासव दिसते.

ते कासव व्हर्च्युअलबॉक्सच सांगते आहे, की होस्टवर हायपर-व्ही चालू आहे आणि मला त्याच्या मागून काम करावे लागते आहे. तुम्ही हायपर-व्ही कधी चालू केले नसले तरी विंडोज ११ मधले 'मेमरी इंटिग्रिटी' हे सुरक्षेचे सेटिंग, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) किंवा विंडोज सँडबॉक्स ते आडून चालू ठेवतात.

काम भागत असेल तर कासव राहू द्या. एका जुन्या प्रोग्रामसाठी रोजच्या कॉम्प्युटरची सुरक्षा उतरवणे मला पटत नाही. अगदीच असह्य झाले तर विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढा, मग कोअर आयसोलेशनमधले मेमरी इंटिग्रिटी, आणि रीस्टार्ट.

डॉस किंवा ९५ चालवताना होस्टचा पंखा घोंगावतो तो वेगळा प्रकार. त्या सिस्टिम रिकाम्या असतानाही प्रोसेसरला विश्रांती देत नाहीत, एक कोर सतत शंभर टक्के चालतो. डॉसमध्ये डॉसआयडल नावाचा छोटा प्रोग्राम लावला की शांत होते.

जुना कॉम्प्युटर अजून आहे. त्याची डिस्कच उचलून व्हर्च्युअल मशीन करता येईल?

येते, आणि इन्स्टॉलर हरवलेल्या प्रोग्रामसाठी तोच एक रस्ता असतो. डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडाप्टरने नव्या कॉम्प्युटरला लावा, तिची पूर्ण प्रतिमा घ्या (लिनक्सवर डीडी कमांडने) आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या 'कन्व्हर्टफ्रॉमरॉ' कमांडने तिची व्हर्च्युअल डिस्क करा. डिस्क विव्हळत असेल तर डीडीऐवजी डीडीरेस्क्यू वापरा, ती वाचता येईल तेवढा भाग आधी उचलते.

नंतर ७बी चा निळा पडदा आला तर दचकू नका. जुन्या बोर्डाचा डिस्क ड्रायव्हर इथे लागू पडत नाही. जुना कॉम्प्युटर अजून चालू होत असेल तर प्रतिमा घेण्याआधी त्यावर 'मर्जआयडीई' ही छोटी रजिस्ट्री फाइल चालवून घ्या, हा पडदा टळतो. परवान्याचा वर सांगितलेला मुद्दा इथेही लागू आहेच.

जुने थ्रीडी गेम?

एक्सपीच्या काळातल्या गेमसाठी व्हीएमवेअर बरे. ९८ च्या काळातल्यांसाठी ८६बॉक्स, त्यात व्हूडू ग्राफिक्स कार्डाचीही नक्कल आहे. व्हर्च्युअलबॉक्सकडून अपेक्षा ठेवू नका.

ओएस/२, जुने लिनक्स वगैरे?

जुने लिनक्स बहुतेक बिनतक्रार चालते, ग्राफिक्स सोडून. ओएस/२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसरच्या अशा काही सोयी वापरते ज्या इतर सिस्टिम सहसा वापरत नाहीत, म्हणून तिला हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन चालू असणे अनिवार्य आहे. केवळ डॉस हवे असेल तर फ्रीडॉस आहे, परवान्याचा प्रश्नच नाही.

स्नॅपशॉट घेतले आहेत, मग बॅकअप कशाला?

स्नॅपशॉट मूळ डिस्कच्या फाइलवर अवलंबून असतात. ती फाइल गेली की सगळे स्नॅपशॉट मातीमोल. काही बसवण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा, जमले की जुने काढून टाकावेत, आणि मशीनचा अख्खा फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ठेवावा. कॉपी करताना मशीन पूर्ण बंद हवी.

तयार मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येते का?

येते. आधी गेस्टमधून रीतसर शटडाउन करा. 'सेव्ह स्टेट' करून ठेवलेली मशीन वेगळ्या प्रोसेसरवर पुन्हा उठेलच असे नाही. मग 'एक्सपोर्ट अप्लायन्स' ने ओव्हीए फाइल करा. स्नॅपशॉट त्यात येत नाहीत, फक्त आत्ताची स्थिती येते.

नव्या कॉम्प्युटरवर इम्पोर्ट करताना मॅक अ‍ॅड्रेसबद्दलचा (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याबद्दलचा) पर्याय दिसेल. तिथे सगळे पत्ते जसेच्या तसे ठेवा असे निवडा. एक्सपीचे अ‍ॅक्टिव्हेशन ज्या गोष्टींवरून कॉम्प्युटर ओळखते त्यात नेटवर्क कार्डाचा पत्ता आहे, आणि काही जुन्या प्रोग्रामांचा परवानाही त्याच पत्त्याला बांधलेला असतो. शेअर्ड फोल्डर आणि यूएसबी फिल्टर नीट जागेवर आहेत ना ते पाहून घ्या. होस्टवरचा फोल्डरचा मार्ग बदलला असेल तर तो पुन्हा द्यावा लागतो.